बाळाचं हृदय अशक्त आहे, की नळीचा जोड चुकला आहे?



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जमागणीचे अर्ज वाचून झाले, की शेवटी आरोग्याचा विषय निघतोच. बहुतेक वेळा अंगात रक्त कमी असणं, पाळीचा त्रास नाहीतर सासूबाईंचं बीपी यावर बोलणं होतं. आज मी जरा वेगळा विषय घेतला आहे. तान्ह्या बाळाच्या हृदयाचा हा आजार आहे आणि तो फार दुर्मिळ आहे. साधारण 3 लाख बाळांमध्ये एखाद्या बाळाला होतो. आपल्या गावात तो कदाचित कधीच होणार नाही.

मग तो सांगायचा कशाला? याला दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, हा आजार ओळखला नाही तर दहापैकी जवळजवळ नऊ बाळं पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावतात, आणि वेळेत ओळखला तर ऑपरेशननं हृदय पुन्हा सुधारतं. एवढा मोठा फरक फक्त वेळेवर ओळखण्यानं पडतो. दुसरं म्हणजे, या आजाराची जी लक्षणं आहेत, तीच बाळांच्या इतरही अनेक हृदयदोषांची असतात. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. म्हणजे एका दुर्मिळ आजाराच्या निमित्तानं जे शिकू, ते आपल्याला पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडेल.

हृदयालाही रक्त लागतं

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा स्नायूंचा पंप, हे आपल्याला माहीत आहे. सगळ्या अंगाला रक्त पुरवणं हे त्याचं काम. पण हा पंप चालायला त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त लागतं. त्यासाठी हृदयावर दोन खास नळ्या असतात, एक उजवी आणि एक डावी. डॉक्टर त्यांना कॉरोनरी धमन्या म्हणतात. शहाण्या माणसाला हार्ट अटॅक येतो, तेव्हा याच नळ्यांमधली एखादी तुंबलेली असते.

या दोन्ही नळ्या महाधमनीतून निघतात. महाधमनी म्हणजे हृदयातून निघून सगळ्या अंगाकडे जाणारी मुख्य वाहिनी. तिच्यातलं रक्त शुद्ध असतं, म्हणजे त्यात ऑक्सिजन भरपूर असतो, आणि त्याला दाबही चांगला असतो. हृदयातून आणखी एक मोठी नळी निघते, ती फुप्फुसाकडे जाते. तिच्यातलं रक्त शुद्ध व्हायला निघालेलं असतं. त्यात ऑक्सिजन कमी आणि दाबही कमी.

आता काही बाळांमध्ये आईच्या पोटात असतानाच एक जोड चुकतो. डावी नळी महाधमनीला जोडली जायच्या ऐवजी फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीला जोडली जाते. या दोषाला डॉक्टर थोडक्यात ‘अल्कापा’ म्हणतात. 1933 साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तीन डॉक्टरांनी जेमतेम तीन महिन्यांच्या एका बाळाची हकिगत लिहून ठेवली होती. त्यांच्या नावानंही हा आजार ओळखला जातो.

शेतातलं उदाहरण घेऊ. विहिरीवरच्या मोटारीची जोराची लाइन आहे आणि बाजूला कमी दाबाची दुसरी लाइन आहे. ठिबकची एक नळी चुकून त्या कमी दाबाच्या लाइनला जोडली गेली. काय होईल? त्या पट्ट्यातलं पीक सुकेल. एवढंच नाही, तर दोन्ही पट्टे आतून एकमेकांना जोडलेले असतील तर चांगल्या लाइनचं पाणीही या चुकलेल्या नळीतून उलटं वाहून जाईल. हृदयात हेच होतं. उजव्या नळीतून आलेलं चांगलं रक्त लहान लहान फाट्यांमधून डाव्या नळीत जातं, आणि स्नायूंना मिळायच्या आधीच उलटं वाहून फुप्फुसाच्या नळीत निघून जातं. डाव्या बाजूचे स्नायू उपाशी राहतात. सगळ्या अंगाला रक्त ढकलण्याचं मुख्य काम नेमकं याच बाजूचं असतं.

उपाशी स्नायू थकतो, सैल पडतो, हृदय फुगतं. हृदयाची झडप नीट मिटेनाशी होते आणि रक्त मागे गळू लागतं. सोनोग्राफीत मग दिसतं की हृदय मोठं झालं आहे आणि स्नायू अशक्त आहेत. कागदावर लिहिलं जातं, ‘डायलेटेड कार्डिओमायोपथी’, म्हणजे हृदय फुगून स्नायू अशक्त होण्याचा आजार. ते खोटं नसतं. पण स्नायू अशक्त का झाला, याचं उत्तर त्यात नसतं.

जन्मताना बाळ ठणठणीत का असतं?

बायका म्हणतील, “बाळ जन्मलं तेव्हा तर चांगलं होतं, रडलं, दूध प्यायलं, वजनही तीन किलो होतं.” अगदी खरं. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं काम करत नसतात, त्यामुळे फुप्फुसाच्या नळीतला दाब महाधमनीएवढाच असतो. चुकीच्या जोडातूनही डाव्या नळीला पुरेसं रक्त मिळत राहतं. जन्मानंतर बाळ श्वास घेऊ लागतं, फुप्फुसं मोकळी होतात आणि त्या नळीतला दाब हळूहळू, काही आठवड्यांत उतरतो. दाब उतरला की हृदयाची उपासमार सुरू होते. म्हणून लक्षणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसायला लागतात.

गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हा दोष सहसा दिसत नाही, कारण त्या नळ्या अगदी बारीक असतात. बाळ निळंही पडत नाही. म्हणून “सोनोग्राफी नॉर्मल होती” किंवा “बाळ निळं नाही” यावर विसंबून राहता येत नाही.

आता एक हिशेब बघा. आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात. त्यांच्या ठरलेल्या भेटी 42 व्या दिवसापर्यंत असतात. त्यानंतरच्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. हा दोष नेमका या मधल्या काळात डोकं वर काढतो. या काळात बाळाला रोज बघणारं माणूस एकच, ते म्हणजे घरातली बाई. आई, आजी, मावशी, शेजारीण. म्हणून हे आपल्याला माहीत असायला हवं.

कशावरून ओळखायचं?

तान्ह्या बाळाला सगळ्यात जास्त मेहनत कशाची होत असेल तर दूध ओढण्याची. आपल्याला डोंगर चढताना धाप लागते, तशी अशक्त हृदयाच्या बाळाला दूध पिताना लागते. म्हणून बाळ अंगावर पीत असताना त्याच्याकडे नीट बघा.

बाळ छातीला लागतं, दोन-चार घोट घेतं आणि सोडून देतं. धापा टाकतं. पुन्हा लागतं, पुन्हा सोडतं. कपाळावर, डोक्यावर घाम येतो, थंडीच्या दिवसांतही. तोंड पांढरंफटक पडतं. पिताना किंवा पिऊन झाल्यावर एकदम कळवळून रडतं, अंग आखडतं. वजन वाढत नाही. श्वास भराभर चालतो, पोट भात्यासारखं उडतं.

श्वास मोजायला घड्याळ घ्या. बाळ शांत असताना किंवा झोपलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त असतील, तर ते जलद आहेत. कारण न्यूमोनिया असो की हृदय, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आपल्याकडे अशा बाळाचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. कळवळून रडलं तर पोटात गुबारा धरला म्हणून ओवा-हिंग लावतात, गुटी देतात. तरी राहिलं नाही तर दृष्ट काढतात. काही भागांत तर पोटावर डागतात. डागण्यानं बाळ भाजतं, हृदयाला काहीच फायदा होत नाही, आणि हातातले मोलाचे दिवस जातात. वजन वाढलं नाही तर बोट आईकडे जातं, “तुझंच दूध पातळ आहे.” मग वरचं दूध सुरू होतं. बाळ दूध सोडतं ते दुधात खोट आहे म्हणून नाही, तर ओढायची ताकद पुरत नाही म्हणून. अशा बाळाला आईचंच दूध हवं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. लागलं तर काढून वाटी-चमच्यानं पाजता येतं.

आणि हेही स्पष्ट सांगते. हा जोड गरोदरपणाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत चुकतो, तेव्हा कितीतरी जणींना दिवस गेल्याचंही नीट कळलेलं नसतं. आईनं काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, किती कामं केली, याचा त्याच्याशी संबंध नाही. सुनेला बोल लावून बाळ बरं होत नाही.

तपासणीत काय बघतात?

छातीचा एक्स-रे काढला तर हृदय मोठं दिसतं. बाळाला सर्दी-खोकलाही असेल तर सगळं लक्ष न्यूमोनियाकडे जाऊ शकतं. औषधानं थोडं बरं वाटतं, पुन्हा तेच. एकाच बाळाला दोन-तीनदा न्यूमोनिया झाला असं सांगितलं गेलं, तर “हृदय तपासायचं का?” असं विचारायलाच हवं.

दुसरी तपासणी ईसीजी. स्वस्त आणि लवकर होणारी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मोठ्या माणसाच्या ईसीजीत जशा खुणा दिसतात, तशाच खुणा या बाळांच्या ईसीजीत दिसतात. कारण स्नायूला रक्त न मिळण्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

तिसरी आणि महत्त्वाची तपासणी म्हणजे टू-डी इको, हृदयाची सोनोग्राफी. ती शक्यतो बालहृदयरोगतज्ज्ञांकडून व्हावी. त्यात डावी नळी कुठून निघते आणि तिच्यात रक्त सुलटं वाहतं की उलटं, हे रंगीत चित्रात दिसतं. शंका राहिली तर सीटी अँजिओग्राफी करतात.

आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगते. एखाद्या बाळाच्या कागदावर ‘हृदयाचे स्नायू अशक्त’ किंवा ‘कार्डिओमायोपथी’ असं लिहिलं असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारायचा: “डॉक्टर, हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही नळ्या योग्य जागेवरून निघतात, हे बघितलं आहे का?”

यात डॉक्टरांची परीक्षा घ्यायची नाही की भांडायचं नाही. बहुतेक बाळांमध्ये उत्तर येईल, “हो, बघितलं, नळ्या ठीक आहेत.” मग स्नायू अशक्त होण्याचं कारण वेगळं असतं. विषाणूचा संसर्ग, जन्मजात स्नायूचा दोष, हृदयाचे ठोके सतत फार जलद पडणं, किंवा ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची मोठी कमतरता. यातलीही काही कारणं औषधानं बरी होतात. म्हणजे कारण शोधणं हाच उपचाराचा अर्धा भाग आहे. नुसतं ‘हृदय अशक्त आहे’ एवढं ऐकून बाळाला घरी घेऊन यायचं नाही.

ऑपरेशन म्हणजे नेमकं काय?

चुकीचा जोड औषधानं सुटत नाही. औषधानं अंगातलं जादा पाणी काढता येतं, हृदयावरचा ताण कमी करता येतो, बाळाला ऑपरेशनसाठी सावरता येतं. खरा उपाय जोड बदलणं.

बाळाला पूर्ण भूल देतात. हृदय आणि फुप्फुसाचं काम तेवढा वेळ एक मशीन करतं. सर्जन डाव्या नळीचं तोंड, त्याच्याभोवतीच्या बटणाएवढ्या भागासह, फुप्फुसाच्या नळीपासून सोडवतात आणि महाधमनीला शिवतात. सोडवलेल्या जागी पडलेलं भोक ठिगळ लावून बंद करतात. नळी महाधमनीपर्यंत पोहोचत नसेल, तर फुप्फुसाच्या नळीच्या आतूनच एक बोगदा तयार करून शुद्ध रक्त तिच्यापर्यंत आणतात. ही पद्धत 1979 मध्ये जपानी सर्जन ताकेउची यांनी मांडली. त्याआधीच्या काळात कधी कधी चुकलेली नळी नुसती बांधून टाकत. उलटं वाहणं थांबे, पण हृदय एकाच नळीवर जगे. आता दोन्ही नळ्या चालू करणारं ऑपरेशनच योग्य मानतात.

ऑपरेशन मोठं आहे, धोका असतो, हे लपवायला नको. बाळ काही दिवस अतिदक्षता विभागात, श्वासाच्या मशीनवर राहतं. हृदय फारच थकलेलं असेल तर त्याला काही दिवस मशीनचा आधार द्यावा लागतो. पण अनुभवी केंद्रांत बहुतेक बाळं यातून बाहेर येतात. त्यानंतर जे घडतं ते ऐकून धीर येतो. उपाशी असलेला स्नायू सगळाच मेलेला नसतो, बराचसा गळून गेलेला असतो. रक्त मिळू लागलं की काही महिन्यांत, कधी वर्षभरात, तो पुन्हा जोर धरतो. फुगलेलं हृदय लहान होतं. झडपेची गळतीही पुष्कळदा कमी होते. जे हृदय ‘अशक्त’ म्हणून लिहिलं गेलं होतं, तेच चांगलं काम करू लागतं. औषधं काही महिने चालतात, आणि तपासणीला मात्र मोठेपणीही जात राहावं लागतं. “आता खेळतंय की” म्हणून ती चुकवायची नाही.

मोठ्या माणसांमध्ये

काही थोड्या जणांमध्ये उजव्या नळीचे फाटे इतके चांगले वाढतात की माणूस या दोषासह मोठा होतो. पण छातीत दुखणं, धडधड, कष्टाच्या कामात एकदम चक्कर, असा त्रास होऊ शकतो आणि अचानक मृत्यूचा धोका राहतो. म्हणून मोठेपणी सापडला तरी सहसा ऑपरेशनचाच सल्ला देतात.

चुकीच्या जोडाचा आणखी एक प्रकार आहे, त्याला फिस्च्युला म्हणतात. यात नळी योग्य जागेवरून निघते, पण तिला मध्येच एक चोरवाट फुटते आणि रक्त थेट हृदयाच्या कप्प्यात किंवा दुसऱ्या नळीत जातं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार असलेल्या काही रुग्णांच्या अँजिओग्राफीत अशा बारीक वाटा दिसतात. त्या बारीक असतील आणि त्रास देत नसतील तर त्यांना हात लावत नाहीत. स्नायूच्या आजाराची औषधं देतात आणि लक्ष ठेवतात. वाट मोठी असेल, तिच्यातून बरंच रक्त पळत असेल, तर मांडीतल्या नळीतून तार घालून ती बूच लावून बंद करतात, नाहीतर ऑपरेशन करतात. म्हणजे प्रत्येक जोड बदलायचा नसतो. ज्या जोडामुळे स्नायू उपाशी राहतो किंवा हृदयावर ओझं पडतं, तोच बदलायचा.

पैसा आणि गटाचं काम

ऑपरेशन म्हटलं की पहिला विचार येतो तो जमीन गहाण ठेवण्याचा किंवा सावकाराचा. थांबा. आधी हे करा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात मोफत आहेत, आणि जन्मजात हृदयदोष त्यात येतात. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पण दोन-तीन महिन्यांच्या बाळासाठी पथकाची वाट बघत बसू नका. आशाताईंना सांगून सरळ ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि नेण्याआणण्याची गाडी मोफत आहे. बाळ धापा टाकत असेल, पांढरं पडलं असेल तर 108 ला फोन करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची ऑपरेशनं होतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना भेटा. रेशनकार्ड, आईवडिलांचं आधारकार्ड आणि बाळाचा जन्मदाखला बरोबर ठेवा. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर नंतर धावपळ होत नाही.

आणि गटानं काय करायचं? ऑपरेशनचा खर्च योजनेतून झाला तरी शहरात राहणं, जेवण, बुडालेली मजुरी हा खर्च घरावर पडतोच. तिथे गटाचं तातडीचं अंतर्गत कर्ज उपयोगी पडतं. त्यासाठी बैठकीची वाट न बघता दोन-तीन पदाधिकाऱ्यांच्या सहीनं पैसे देता येतील, असा ठराव आधीच करून ठेवा. आजारी बाळाच्या आईबरोबर एखादी बाई जाईल, हेही ठरवा. मोठ्या दवाखान्यात एकट्या बाईला प्रश्न विचारायचं धाडस होत नाही, दोघी असल्या की होतं.

शेवटचं एक सोपं काम. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने, या तीन वेळांना बाळाची लस असते. हा दोष दिसू लागतो तोही काळ हाच. लसीच्या दिवशी बाळाचं वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या आणि मागच्या वजनाशी ताडून बघा. आणि प्रत्येक आईला विचारा, “दूध पिताना बाळाला घाम येतो का? मध्येच सोडून धापा टाकतं का?” उत्तर ‘हो’ आलं, तर लस देणाऱ्या सिस्टरना तिथेच सांगा.

आपल्या गटातल्या कुणाच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर येत्या बैठकीत त्याचं कार्ड घेऊन यायला सांगा. सगळ्या मिळून बघू.